रस्ता ओलांडायला लागणारे आठ सेकंद

हिंगोली जिल्ह्यात गावाचा पत्ता विचारला की आधी फाट्याचं नाव येतं. कुठल्या फाट्यावर उतरायचं आणि तिथून किती आत जायचं, एवढं कळलं की गाव सापडतं. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा अजूनही खेड्यांचाच आहे. २०११च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती आणि शंभरातली ८५ माणसं खेड्यात राहत होती. त्यामुळे दवाखाना, कॉलेज, बाजार, तहसील यांपैकी कुठेही जायचं तर आधी मोठ्या रस्त्यावर यावं लागतं, आणि अनेकदा तो ओलांडावा लागतो.

अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूर करत तेलंगणातल्या संगारेड्डीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ या जिल्ह्याच्या मधून जातो. कळमनुरी तालुक्यातल्या वारंगा फाट्यावर त्याला तुळजापूरहून यवतमाळ, वर्धेकडे जाणारा महामार्ग ३६१ मिळतो. हे रस्ते चौपदरी झाले आणि वसमतची, हिंगोलीची हळद लवकर बाजारात पोचू लागली. नांदेडला हलवायच्या रुग्णाची वाटेतली मिनिटं वाचली. याच रस्त्यांच्या कडेला राहणारी माणसं मात्र निवेदनं घेऊन सरकारी कार्यालयांत जातात. गतिरोधक द्या, फाट्यावर दिवे लावा, शाळेजवळ बोगदा करा, सर्व्हिस रोड पूर्ण करा. निवेदनाने काम झालं नाही की कधी रास्ता रोको होतो.

अशा मागणीकडे गावातली एक किरकोळ तक्रार म्हणून पाहिलं जातं. तिच्या आत शिरून पाहिलं तर माणसाचा डोळा, मेंदू, हाडं आणि गतीचं गणित एकमेकांत किती अजब रीतीने गुंतलेलं आहे ते उलगडत जातं. रस्त्याकडेला राहणारी माणसं जे अंगाने ओळखतात, ते शास्त्रज्ञांना सिद्ध करायला अनेक दशकं लागली.

डोळ्याला न दिसणारा वेग

सत्तरीतली एक बाई महामार्गाच्या कडेला उभी आहे असं धरून चालू. गुडघे दुखतात, त्यामुळे ती सेकंदाला साधारण ९० सेंटिमीटर चालते. चौपदरी रस्त्याच्या एका बाजूला साडेतीन मीटरच्या दोन लेन असतात, म्हणजे दुभाजकापर्यंत सात मीटर. एवढं अंतर पार करायला तिला जवळपास आठ सेकंद लागतील. चौपदरी रस्त्यावर कारला ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगाने येणारी कार आठ सेकंदांत २२२ मीटर पुढे येते. म्हणजे तिने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा कार किमान सव्वादोनशे मीटर लांब असायला हवी.

ती दोन्ही बाजूंना नीट पाहते. नजरही चांगली आहे. तरीही सव्वादोनशे मीटरवरची कार किती वेगात येते आहे हे तिला कळणं जवळजवळ अशक्य असतं. तिलाच कशाला, पंचविशीतल्या पैलवानालाही ते कळत नाही.

कारण समोरून सरळ आपल्याकडे येणारी वस्तू डावीउजवीकडे सरकताना दिसत नाही. ती फक्त मोठी मोठी होत जाते. तिचं हे फुगणं किती झपाट्याने होतंय यावरून मेंदू तिचा वेग ताडतो. ही क्षमता फार जुनी आहे. टोळाच्या मेंदूत अंगावर येणारी वस्तू ओळखणारी एक खास चेतापेशी असते. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या क्लेअर रिंड यांनी तिचा अभ्यास करताना टोळांना चक्क ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातली दृश्यं दाखवली होती. अंगावर झेपावणारा पक्षी चुकवण्यासाठी निसर्गाने टोळात घडवली तशी यंत्रणा आपल्यातही काम करते.

पण तिला एक मर्यादा आहे. वस्तू फुगताना दिसण्याचा दर तिच्या रुंदीवर आणि वेगावर अवलंबून असतो आणि तो अंतराच्या वर्गाने घटतो. अंतर दुप्पट झालं की फुगणं चौपट मंद दिसतं. सेकंदाला अंशाच्या सहाव्या भागापेक्षा ते मंद असेल तर साधारण माणसाच्या डोळ्याला ते जाणवतच नाही, वस्तू जागच्या जागी उभी असल्यासारखी वाटते. पावणेदोन-दोन मीटर रुंदीची कार ताशी १०० ने येत असेल तर हा हिशोब १३० मीटरच्या आसपास येऊन थांबतो. त्याच्या पलीकडे कार दिसते, पण तिचा वेग दिसत नाही. आणि १३० मीटरवरून ती पोचायला पाच सेकंदही लागत नाहीत. बाईला हवे असतात आठ.

अपघातातून वाचलेला माणूस हमखास एक वाक्य सांगतो: “गाडी एकदम अंगावर आली.” ऐकणाऱ्याला वाटतं, याचंच लक्ष नसेल. खरं तर त्याच्या डोळ्याने जे पाहिलं त्याचं ते अचूक वर्णन असतं. बराच वेळ गाडी स्थिर दिसते आणि शेवटच्या काही सेकंदांत ती झपाट्याने फुगते. मोटारसायकल अरुंद, त्यामुळे तिचा वेग आणखी उशिरा कळतो. ताशी ८० ने येणाऱ्या मोटारसायकलचा वेग ती ८० मीटरच्या आत आल्यावरच जाणवायला लागतो, म्हणजे हातात राहतात साडेतीन सेकंद.

आता कारचा वेग कमी करत हाच हिशोब पुन्हा मांडू. ताशी ६० ला डोळा १०० मीटरवर इशारा देतो, बाईला लागतात १३३ मीटर. ताशी ४० ला इशारा ८२ मीटरवर, गरज ८९ मीटरची. ताशी ३० ला इशारा ७१ मीटरवर आणि गरज ६७ मीटरची. म्हाताऱ्या माणसाच्या चालीची गरज आणि माणसाच्या डोळ्याची कुवत यांचा मेळ ताशी ३० च्या जवळ बसतो. हा आकडा कुणा अधिकाऱ्याने ठरवलेला नाही. तो आपल्या शरीराच्या घडणीतून आला आहे.

मुलांच्या बाबतीत हे आणखी धारदार आहे. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की प्राथमिक शाळेतल्या मुलांना ताशी ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येणारं वाहन खात्रीने ओळखता येत नाही. त्यांच्या मेंदूतली ही क्षमता अजून पुरती वाढलेली नसते. “नीट बघून रस्ता ओलांड” असं आपण मुलाला बजावतो. मूल सांगितल्याप्रमाणे बघतंही, पण जे दिसणं त्याच्या वयाला शक्यच नाही ते त्याला कसं दिसणार? शाळेसमोर वाहनांचा वेग कमी करा असं पालक म्हणतात, तेव्हा मुलाच्या डोळ्याला झेपेल असा रस्ता ते मागत असतात.

वेग थोडा, फरक मोठा

धडकेच्या क्षणी काय होतं ते उंचीच्या भाषेत चटकन कळतं. ताशी ३० ने येणाऱ्या वाहनाचा धक्का बसणं म्हणजे साडेतीन मीटरवरून पडणं, एका मजल्याहून थोडं जास्त. ताशी ६० ला ती उंची १४ मीटर होते, म्हणजे साडेचार मजले. ताशी १०० ला ३९ मीटर, तेरा मजले. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते, कारण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. पहिल्या मजल्यावरून पडलेला माणूस बहुतेकदा हाडं मोडून का होईना, वाचतो. तेराव्या मजल्यावरून पडलेला वाचत नाही.

स्वीडनचे संशोधक योरान निल्सन यांनी अनेक रस्त्यांवरच्या आकडेवारीतून एक चकित करणारा नियम काढला. रस्त्यावरचा सरासरी वेग बदलला की जीवघेण्या अपघातांची संख्या त्या बदलाच्या चौथ्या घाताने बदलते. जागतिक आरोग्य संघटना तोच नियम सोप्या शब्दांत सांगते: सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्के वाढतो. उलट बाजूने पाहिलं तर मोठी आशा दिसते. एखाद्या पट्ट्यातला सरासरी वेग फक्त दहा टक्क्यांनी उतरला तर तिथले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटू शकतात. दोन किलोमीटरच्या गावपट्ट्यात ताशी ८० ऐवजी ७२ ने गेलं तर चालकाचा वेळ जातो दहा सेकंद.

फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला जगभरच्या मंत्र्यांची परिषद भरली. जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि वाहनं एकाच रस्त्यावर वारंवार येतात तिथे ताशी ३० ही कमाल मर्यादा असावी, असं तिच्या जाहीरनाम्यात लिहिलं गेलं. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली १५ हजारांहून अधिक महाराष्ट्रात. राष्ट्रीय महामार्ग देशातल्या एकूण रस्त्यांच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहेत, पण ३६ टक्के मृत्यू त्यांच्यावर झाले. मेलेल्यांत दुचाकीवरचे आणि पायी चालणारे मिळून जवळपास दोन तृतीयांश होते. म्हणजे ज्यांच्याभोवती लोखंडाचा पत्रा नाही, अशी माणसं.

दहा सेंटिमीटर उंचीचं शास्त्र

गावकऱ्यांची पहिली मागणी बहुतेक वेळा गतिरोधकाची असते. ही साधीशी दिसणारी गोष्ट मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या हातून गेली आहे. १९२७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे आर्थर कॉम्प्टन यांनी १९५३ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये आपल्या विद्यापीठाच्या आवारातल्या वाहनांचा वेग उतरवण्यासाठी रस्त्यावरच्या उंचवट्याची रचना केली होती. पुढे १९७३ मध्ये ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स नावाच्या संशोधकाने वेगवेगळ्या आकाराचे उंचवटे करून त्यांवरून वाहनं नेली आणि चालकाला होणारा त्रास मोजला.

त्यात एक उलटी गोष्ट समोर आली. अरुंद आणि टोकदार उंचवट्यावरून गाडी हळू नेली तर जोरात दणका बसतो, पण भरधाव नेली तर दणका कमी जाणवू शकतो. चाक इतक्या झटक्यात वर-खाली होतं की स्प्रिंग ते गिळून टाकते आणि गाडीचा सांगाडा हलायच्या आत उंचवटा मागे पडलेला असतो. म्हणजे असा गतिरोधक हळू जाणाऱ्या सायकलवाल्याला, रिक्षातल्या गरोदर बाईला, पाठीच्या रुग्णाला शिक्षा देतो आणि बेफाम चालकाला सोडून देतो. रातोरात डांबराचा ढीग टाकून केलेले कितीतरी गतिरोधक नेमके असेच असतात.

वॉट्स यांना सापडलेला योग्य आकार होता पायाशी ३.७ मीटर रुंद आणि मधोमध दहा सेंटिमीटर उंच. इतक्या रुंद उंचवट्यावर पुढची मागची दोन्ही चाकं एकामागोमाग चढतात, अख्खी गाडी वर उचलली जाते आणि वेग जितका जास्त तितका त्रास जास्त होतो. भारतीय रस्ते परिषदेच्या १९८८ च्या नियमावलीत हेच माप आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची दहा सेंटिमीटर, १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा काप, ओलांडण्याचा अपेक्षित वेग ताशी २५. उंचवट्याच्या ४० मीटर आधी इशाऱ्याची पाटी आणि उंचवट्यावर काळेपांढरे पट्टे हवेत. टेप आणि सुतळी घेऊन गावातली कॉलेजची पोरंसुद्धा आपल्या गतिरोधकाचं माप घेऊ शकतात. दोन्ही कडांना सुतळी ताणून धरायची, मध्ये उंची मोजायची. माप चुकीचं निघालं तर ते निवेदनात आकड्यांसकट लिहावं.

ड्रायव्हरच्या मेंदूशी बोलणारे पट्टे

राष्ट्रीय महामार्गावर मात्र गतिरोधक चालत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१६ मध्ये महामार्गांवरचे गतिरोधक काढायला सांगितलं. त्यामागचं कारणही खरं आहे. ताशी १०० ने येणाऱ्या वाहनाला अचानक उंचवटा लागला तर तोच अपघाताचं कारण ठरतो. “नियमात बसत नाही” एवढं उत्तर मिळून गावकरी परत येतात ते इथेच. पण त्या उत्तराच्या पुढे बरंच काही आहे आणि ते नियमात बसतं.

तासभर ताशी १०० ने गाडी चालवली की मेंदू त्या वेगाला सरावतो. मग ताशी ६० सुद्धा रांगल्यासारखं वाटतं. वाशीमकडून आलेला चालक गावाजवळ वेग उतरवतो, आपण पुरेसे हळू झालो असं त्याला मनापासून वाटतं आणि तरीही तो बराच जोरात असतो. त्याला पाटी दिसते, पण शरीराला वेग जाणवत नाही. म्हणून रस्त्यावर आडवे पट्टे ओढतात आणि गाव जवळ येईल तसं त्यांच्यातलं अंतर कमी करत नेतात. वेग तोच असला तरी पट्टे झपाझप मागे पडू लागतात, आपण वेग घेतोय असा भास होतो आणि पाय आपोआप ब्रेककडे जातो. १९७०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये एका गोल चौकाच्या आधी हा प्रयोग झाला आणि तिथून तो जगभर पसरला. मेंदूची फसगत मेंदूच्याच युक्तीने दुरुस्त करायची, ही कल्पना आजही थक्क करते.

त्याच्या जोडीला रंबल स्ट्रिप असतात. दीड ते तीन सेंटिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्यांची रांग, जिच्यावरून जाताना गाडी थरथरते आणि गुरगुरते. पेंगुळलेल्या चालकाला त्या कानातून आणि हातातून जागं करतात. २०१८ मध्ये रस्ते परिषदेने सुधारून काढलेल्या नियमावलीत शहरांसोबत खेड्यांतल्या रस्त्यांवरही वेग शांत करण्याचे असे अनेक उपाय दिले आहेत. त्यामुळे “गतिरोधक द्या” याऐवजी “गावाच्या दोन्ही वेशींना वेग उतरवणारे पट्टे आणि रंबल स्ट्रिप द्या” असं लिहिलं तर नियमाकडे बोट दाखवून नकार देणं अवघड जातं.

रात्री पुन्हा वेगळंच विज्ञान सुरू होतं. ताशी ८० वर चालकाला धोका दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत रस्ते परिषदेच्या हिशोबाने १२० मीटर लागतात. हेडलाइट खाली असेल तर गडद कपड्यांतला माणूस किंवा मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली त्याच्या निम्म्या अंतरावरही धड दिसत नाही. रस्त्यावरचा नवा पांढरा पट्टा भर उन्हात खाली वाकून पाहिला तर त्यात मिलिमीटरहून लहान काचेचे मणी रुतलेले दिसतात. हेडलाइटचा किरण मण्यात शिरतो, वाकतो, मागच्या पांढऱ्या रंगावर एकवटतो आणि ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत जातो, थेट त्या चालकाच्या डोळ्यात. काही काळाने मणी झिजून निघून जातात. मग पट्टा दिवसा ठळक दिसतो आणि रात्री गायब होतो. म्हणून पट्ट्यांची पाहणी अंधार पडल्यावर करायची असते आणि ती गावात राहणाऱ्यालाच जमते.

हीच युक्ती माणसाच्या अंगावर आली ती शेतकऱ्यामुळे. फिनलंडमधले शेतकरी आर्वी लेहती यांनी आपल्या घोडागाड्या अंधारात दिसाव्यात म्हणून प्लास्टिकचे परावर्तक बनवायला घेतले. १९६० च्या दशकात त्यांचे लटकते परावर्तक लोकांच्या कोटावर आले आणि पुढे तिकडच्या देशांत शाळकरी मुलांच्या पोशाखाचा भाग झाले. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी सेनगाव, नर्सी, औंढा, जवळाबाजार या वाटेने पंढरीला जाते. पहाटेच्या अंधारात चालणाऱ्या दिंडीतल्या शेवटच्या वारकऱ्याच्या पाठीवरची एक चमकती पट्टी चालकाला शंभराहून अधिक मीटर आधी सावध करू शकते. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर लाल परावर्तक टेप लावायला फारसा खर्च येत नाही.

आणि सुरक्षा डांबराच्या कडेला संपत नाही. ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर बायांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात जणी गेल्या. वाहन वाटेवरून घसरलं तरी माणूस वाचला पाहिजे, अशा दृष्टीने जगभरचे अभियंते आज रस्त्याची कड आखतात. रस्त्यालगतच्या विहिरीला भक्कम कठडा, खोल चारीला संरक्षक पट्टी, वळणावरच्या झाडाला पांढरा पट्टा ही त्याच विचाराची घरगुती रूपं आहेत.

फाट्यावरचे नऊ बिंदू

गावचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो त्या तिवाठ्यावर वाहनांच्या वाटा एकमेकींना किती ठिकाणी भिडतात हे कागदावर रेघा ओढून मोजता येतं. उत्तर येतं नऊ: तीन ठिकाणी वाटा फुटतात, तीन ठिकाणी मिळतात, तीन ठिकाणी छेदतात. चार रस्त्यांच्या चौकात हेच बिंदू ३२ होतात, त्यांतले १६ छेदणारे, म्हणजे सर्वांत घातक. तोच चौक गोल केला की बिंदू उरतात फक्त आठ आणि छेदणारा एकही नाही. आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम ब्रिटनने १९६६ मध्ये लागू केला आणि गोल चौक खऱ्या अर्थाने चालू लागले. एक गोलाकार ओटा आणि एक नियम, आणि सोळा जीवघेण्या जागा नाहीशा होतात.

महामार्गाला दुभाजक आला की छेदणारे बिंदू कमी होतात, पण दुसरा पेच उभा राहतो. वळायची जागा लांब असेल तर शेताकडे निघालेला माणूस रॉंग साइडने मोटारसायकल घालतो किंवा दुभाजकातून वाट काढतो. त्याला बेशिस्त म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण रोजच्या रोज एवढा वळसा पेट्रोल आणि वेळ खातो, आणि माणूस जवळची वाट धरणारच. चांगला रस्ता माणसाचा हा स्वभाव गृहीत धरून आखलेला असतो. सर्व्हिस रोड सलग असेल तर उलट्या बाजूने जायची गरजच पडत नाही. बोगद्याची मागणीही अशीच समजुतीची आहे. पादचारी पूल ट्रकच्या वरून न्यायचा तर साडेपाच मीटरहून उंच चढावं लागतं. माणसांसाठी आणि गुरांसाठीचा बोगदा तीन मीटर उंचीचाही पुरतो. दुखऱ्या गुडघ्यांना हा फरक अभियंत्याआधी कळतो.

नवले पुलाचा धडा

रहिवाशांनी धरून ठेवलेला प्रश्न कुठवर जातो याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण पुण्यात आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नऱ्ह्याजवळच्या नवले पुलापर्यंत महामार्गाला लांब उतार आहे आणि दोन्ही बाजूंना दाट वस्ती. उतारावर अवजड ट्रकचा वेग फक्त ब्रेकने धरून ठेवला तर ब्रेक इतके तापतात की त्यांची पकड जाते. खालच्या गिअरमध्ये इंजिनच चाकांना रोखून धरतं, पण डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की तो आधार जातो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथे एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना ठोकरलं. त्यानंतर वेगमर्यादा कमी केली गेली, रंबल स्ट्रिप आल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा भीषण अपघात आणि आग, आठ जणांचा मृत्यू. रहिवासी रस्त्यावर उतरले आणि मर्यादा ताशी ३० झाली. डोळ्याच्या आणि हाडांच्या हिशोबातून आलेला आकडा तो हाच. पण पाटीवरच्या आकड्याने उतार कमी होत नाही. म्हणूनच तिथले लोक पाटीवर समाधान न मानता रस्त्याची रचनाच बदलायला सांगत आहेत.

रचना बदलल्याने फरक पडतो, हेही महाराष्ट्रानेच पाहिलं आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसं गेली होती. त्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांनी एकेक जागा तपासायला घेतली. उघड्या खांबांना, भिंतींना संरक्षण दिलं, कठड्यांची टोकं झाकली, थांबलेल्या ट्रकवर लक्ष ठेवलं. २०२० पर्यंत मृत्यू निम्म्याहून खाली आले.

नोंदवहीत न उतरणारं ज्ञान

सरकारी भाषेत धोक्याच्या जागेला ब्लॅक स्पॉट म्हणतात. राष्ट्रीय महामार्गावरच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमी असलेले पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, की तो ब्लॅक स्पॉट ठरतो. आकड्यांशिवाय पैसा कुठे खर्चायचा ते ठरत नाही, त्यामुळे अशी व्याख्या लागते. पण तिच्यात एक उणीव आहे. आधी माणसं गेल्याशिवाय ती जागी होत नाही.

फाट्यावरच्या चहावाल्याला मात्र ती जागा फार आधी माहीत असते. कुठे रोज कचकन ब्रेक लागतात, कुठल्या वेळी शाळकरी सायकली आणि ट्रक एकत्र येतात, कुठे परवा एक जण थोडक्यात वाचला, हे त्याला तोंडपाठ असतं. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात क्रिस्टर हिडेन यांनी याच ‘थोडक्यात वाचलो’ प्रसंगांच्या मोजणीचं पद्धतशीर शास्त्र केलं. मृत्यूची वाट न पाहता, टळलेल्या धडका मोजून धोक्याची जागा आधीच ओळखता येते. म्हणजे गावकऱ्यांकडे जे असतं ते कच्चं का होईना, खरंखुरं शास्त्रीय निरीक्षण असतं.

अशा निरीक्षणाने एक देश बदललेला आहे. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. मुलगी गमावलेल्या एका पत्रकार बापाने १९७२ मध्ये लेख लिहिला, आईबाप रस्त्यावर उतरले आणि ‘मुलांची हत्या थांबवा’ ही चळवळ उभी राहिली. आज तो देश सायकलींसाठी आणि शांत गल्ल्यांसाठी ओळखला जातो. आपल्याकडेही कोइम्बतूरचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजसेकरन २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या याचिकेवर न्यायालयाने २०१७ मध्ये जे आदेश दिले, त्यांत प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असलीच पाहिजे हाही होता. मोडलेली हाडं जोडणाऱ्या डॉक्टरला ती मुळात मोडूच नयेत असं वाटलं आणि त्याचा लाभ आज हिंगोलीच्या फाट्यावरच्या माणसालाही मिळू शकतो. या समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तिच्यासमोर गेलेलं निवेदन पोलीस, परिवहन आणि बांधकाम या सगळ्यांच्या टेबलावर एकाच वेळी पोचतं.

रस्ता कुणाचा हे कडेचा किलोमीटरचा दगड सांगतो. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्हा मार्ग, केशरी असेल तर गावरस्ता. त्यावरून कुणाकडे जायचं ते ठरतं. राष्ट्रीय महामार्गावरच्या अडचणीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९८अ नुसार रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि अपघात झाला तर त्याची पोलिसांत नोंद व्हायलाच हवी. आपसात मिटवलेला अपघात सरकारी हिशोबात झालेलाच नसतो.

ग्रामसभेच्या ठरावासोबत एक पान एवढ्यासाठीच जोडावं. कितवा किलोमीटर, दिवसाच्या कुठल्या तासाला किती माणसं रस्ता ओलांडतात, त्यांत मुलं किती, म्हातारी किती, आठवडाभरात किती जण थोडक्यात वाचले, रात्री पट्टे दिसतात की नाही, गतिरोधकाचं माप किती. हे मोजायला कुठलीही पदवी लागत नाही. आठ सेकंदांत रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला ते आठ सेकंद मिळावेत, एवढंच त्या पानाचं मागणं असतं. ते पुरवण्याचं ज्ञान जगाकडे पन्नास वर्षांपासून आहे, आपल्या नियमावल्यांत ते छापलेलं आहे आणि हिंगोलीच्या प्रत्येक फाट्याचा त्यावर हक्क आहे.